आधी कुठली रेघ

चिनी भाषेत 'तोंड' या अर्थाचं अक्षर म्हणजे एक रिकामा चौकोन. उच्चार 'खोउ'. शिकायला बसल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते वहीत दहा वेळा काढलं आणि पानाचा फोटो ऑनलाइन वर्गाच्या शिक्षिकेला पाठवला. चौकोन चांगले आले होते, निदान मला तसं वाटलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "हे तुम्ही काढलंय, लिहिलेलं नाही. पुन्हा लिहा." मी चौकोन चार रेघांत काढला होता, शाळेत भूमितीच्या तासाला काढतात तसा. हे अक्षर तीन रेघांचं आहे. आधी डावी उभी रेघ. मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून, हात न उचलता, एकच वळणारी रेघ. शेवटी खालची आडवी. माझ्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जोड दिसत होता. तिथे वळण हवं होतं.

मी अनुवादक आहे. इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत अनुवाद करते. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना 'मूळ' या शब्दावर बरेच निबंध लिहिले होते, त्यामुळे मूळ भाषा न येता अनुवाद करण्याचा संकोच मला फारसा वाटत नसे. काही वर्षांपूर्वी थांग काळातल्या चिनी कवितांचे मराठी अनुवाद केले, अर्थात इंग्रजीवरून. त्यातले काही एका दिवाळी अंकात आले, वाचकांना आवडले, आणि आता एकतीस कवितांचं छोटं पुस्तक करायचं ठरत होतं. प्रस्तावनेत कवींची नावं तरी उच्चाराप्रमाणे लिहावीत म्हणून मी चिनी शिकायला घेतलं. भिलाईत शिकवणारं कुणी मला सापडलं नाही, म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी लॅपटॉपसमोर. उच्चारांपुरतं शिकून थांबायचं होतं. पण बाईंची अट होती : वर्गात राहायचं तर हातानं लिहायचं, आणि रेघांच्या क्रमानं लिहायचं. त्या अटीनं माझं पुस्तक अडवलं. ते कसं, आणि ते बरं झालं की वाईट, हे मला इथे तपासायचं आहे.

पहिला प्रश्न कुणालाही पडेल तोच. पूर्ण झालेलं अक्षर दोन्ही प्रकारे जवळजवळ सारखंच दिसत असेल, तर आधी कुठली रेघ काढली यानं काय बिघडतं? नियम तसे मोजके आहेत. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी रेघ उभीला छेदत असेल तर आधी आडवी. मधला खांब आणि दोन बाजूंना दोन ठिपके असतील तर आधी खांब. बाहेरची चौकट आतल्या अवयवाच्या आधी, पण चौकटीची खालची रेघ सगळ्यात शेवटी. म्हणजे माणसं घरात शिरल्यावरच दार लावायचं. 'कैदी' या अर्थाचं 'छियोउ' हे अक्षर असंच आहे : तीन बाजूंची चौकट, आत दोन रेघांचा माणूस, आणि मग खालची रेघ ओढून बंद. ते लिहिताना दर वेळी आपण कुणाला तरी आत घालून कडी लावतोय असं वाटतं. छापील अक्षराकडे बघताना मात्र तो माणूस आधीपासूनच आत बसलेला असतो.

नियमांमागचं कारण आहे वेग. हळूहळू, सुटं सुटं लिहिताना क्रम कुठलाही चालतो. भरभर लिहायला लागलं की लेखणी कागदावरून पूर्ण उचलली जात नाही, एका रेघेचं शेपूट दुसऱ्या रेघेच्या डोक्याला चिकटतं. कुठलं शेपूट कुठल्या डोक्याला चिकटणार, हे क्रमावर ठरतं. दोघांचा क्रम वेगळा असेल तर दोघांचं सावकाश लिहिलेलं अक्षर सारखं दिसेल, पण घाईत लिहिलेलं अक्षर एकमेकांना वाचता येणार नाही. 'पुस्तक' या अर्थाचं 'शू' हे अक्षर जुन्या रूपात दहा रेघांचं होतं. १९५६ साली चीननं लिपी सोपी करण्याची योजना आणली, तेव्हापासून ते चार रेघांत लिहितात. ते नवं रूप कुणी टेबलाशी बसून शोधलेलं नाही. शतकानुशतकं घाईत लिहिणाऱ्यांच्या हातात जे तयार झालं होतं, तेच छापलं गेलं. क्रम असा अक्षराच्या अंगात मुरतो.

याच कारणानं चिनी सुलेखन वाचता येतं, नुसतं पाहावं लागत नाही. वांग शीझी या सुलेखनकारानं इसवी सन ३५३मध्ये लान्थिंग इथल्या मैफलीत लिहिलेली प्रस्तावना हा तिथल्या सुलेखनाचा आदर्श मानतात. मूळ कागद केव्हाच नाहीसा झाला. आज आहेत त्या नकला. तिचं पहिलं अक्षर 'योंग', म्हणजे चिरकाल. त्या एका अक्षरात लेखणीच्या आठ मूलभूत हालचाली आहेत असं मानून नवशिके तेच गिरवत बसतात. हा कुंचला इथे दाबला, इथे उचलला, इथे घाई केली, असं जाणकार नकलेवरूनही सांगतात. ते शक्य होतं, कारण क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. क्रम ठरलेला असतो म्हणून त्यातली एका माणसाची मोकळीक दिसते. छंदाबद्दल आपण हेच म्हणतो.

हे सगळं परकं वाटत होतं तोवर मी ते टिपणवहीत उतरवत होते. मग लक्षात आलं की मराठीचाही असा एक इतिहास आहे, आणि आपण तो जवळजवळ विसरलोय. शाळेत आपण बाळबोध लिहायला शिकलो तेव्हा आधी अक्षर काढायचं आणि शब्द झाला की डोक्यावर रेघ द्यायची, अशी सवय लागली. मोडीत उलटं असतं. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लटकवत अक्षरं लिहीत जायची, शक्यतो लेखणी न उचलता. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही. अक्षरांची वळणं हात न उचलण्याच्या सोयीनं मोडली गेली. बाळबोधीत रेघ म्हणजे झालेल्या शब्दावरचं छप्पर. मोडीत ती दोरी, आधी बांधलेली, आणि मजकूर त्यावर वाळत घातल्यासारखा. भाषा तीच, रेघही तीच, पण आधी की नंतर एवढ्या फरकानं दोन वेगळ्या लिप्या उभ्या राहिल्या. बाळबोध पोथीची आणि छापखान्याची झाली, मोडी कारकुनाची, सावकाराची आणि पत्र लिहिणाऱ्याची.

मोडी मेली ती तिच्या दोषांमुळेच, असं शाळेत सांगितलं जायचं. ते पुरतं खरं नाही. १९१७मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारनं कारभारासाठी बाळबोध हीच मुख्य लिपी ठरवली, एकसारखेपणा आणि सोय म्हणून. पुढे काही दशकं मोडी शाळांत आणि खाजगी व्यवहारात टिकली, मग गेली. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, तोवर ती वाचणारे तज्ज्ञ म्हणवले जाऊ लागले होते.

आमच्या छत्तीसगडशी मोडीचा संबंध नाही असं वाटण्याचं कारण नाही. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आला, १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते, आणि १८५४पर्यंत हा मुलूख नागपूरच्या राज्यात होता. त्या कारभाराची मराठी मोडीत लिहिली जाई. आमचं घराणं मात्र त्या वाटेनं आलेलं नाही. आम्ही पोलादाच्या वाटेनं आलो. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं भिलाईला आली. बाबा भंडारा जिल्ह्यातून आले. सोबतच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची दुकानाच्या हिशेबाची एक वही होती, मोडीत लिहिलेली. बाबांच्या शाळेत मोडी नव्हती, त्यामुळे त्यांना ती वाचता येत नाही. मला तर मराठीच घरात शिकावी लागली, कारण शाळा हिंदी. आजी माझ्या वहीत डोकावून म्हणायची, "हा कोणता ल काढून ठेवला?" मी शाळेतला दांडीचा ल काढलेला असे. तिला मराठीतला दोन पाकळ्यांचा हवा असे. एका लिपीतसुद्धा हाताला दोन गावं असतात, हे मी सात वर्षांची असताना शिकले.

रेघांच्या क्रमाचं महत्त्व घरात सर्वांत आधी बाबांना पटलं. चिनीचं एक अक्षर त्यांना येत नाही. मी टेबलाशी बसून पुस्तकातल्या तक्त्यावरून लिहीत होते. अशा तक्त्यात प्रत्येक रेघेशेजारी बारीक आकडा आणि दिशेचा बाण असतो. बाबांनी चष्मा चढवला, तक्ता बघितला आणि म्हणाले, "अगं, हे तर लेटरिंग आहे."

ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. ड्रॉइंगवर अक्षरं आणि आकडे कसे लिहायचे याचेही असेच तक्ते असतात : रोमन अक्षराची कुठली रेघ आधी, कुठल्या दिशेनं, बाणासह, आकड्यासह. शिकाऊ माणसाला महिनोन् महिने तेच करावं लागे. मी विचारलं, "पण बाबा, शेवटी अक्षर नीट दिसल्याशी मतलब ना? तुमचा क्रम कोण बघणार होतं?"

"निवांत लिहिलं तर कोणी नाही बघत," ते म्हणाले. "दुपारी चारला, शिफ्ट सुटायच्या आधी, शंभरावा आकडा लिहितो तेव्हा दिसते. क्रम चुकीचा असला की तीनचा आठ होते. आणि खाली शॉपमध्ये ज्याच्या हातात ते ड्रॉइंग आहे त्याला तू कोण, कुठल्या गावचा, काही माहीत नसते. त्याला फक्त आकडा माहीत."

पुढे म्हणाले, जुनी ड्रॉइंग्ज रशियनांनी केलेली होती, त्यांची भाषा वाचता येत नव्हती तेव्हाही त्यांचे आकडे बिनचूक वाचता येत. "हाताला वळण होतं त्यांच्या." वळण हा शब्द मराठीत अक्षराला लागतो आणि माणसालाही लागतो. बाबांनी तो कुणाला लावला, मी विचारलं नाही.

इथवर आल्यावर मला माझ्या पुस्तकाकडे वळावं लागलं. प्रस्तावनेचा कच्चा मसुदा तयार होता आणि त्यात मी अभिमानानं लिहिलं होतं की चिनी अक्षर हे चित्र असतं, त्यामुळे चिनी कविता म्हणजे चित्रांची मालिका. हे माझं मत नव्हतं. ते एझ्रा पाउंडकडून आलेलं होतं, आणि त्याच्याकडे अर्नेस्ट फेनोलोसाकडून. फेनोलोसा १९०८मध्ये वारला. त्याच्या वह्या त्याच्या पत्नीनं पाउंडला दिल्या. त्यातून १९१५मध्ये 'कॅथे' हा अनुवादांचा संग्रह झाला आणि १९१९मध्ये चिनी लिखित अक्षर हे काव्याचं माध्यम कसं, यावरचा फेनोलोसाचा निबंध पाउंडनं संपादून छापला. आधुनिक इंग्रजी कवितेवर त्याचा परिणाम मोठा आहे आणि इंग्रजी वाचून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांवरही.

पण फेनोलोसानं या कविता वाचल्या त्या जपानमध्ये, जपानी शिक्षकांकडून. म्हणून 'कॅथे'मध्ये ली बाई हा कवी 'रिहाकू' या जपानी उच्चारानं येतो. म्हणजे चिनीतून जपानीत, तिथून वहीतल्या इंग्रजीत, तिथून पाउंडच्या इंग्रजीत, आणि मग मी : मराठीत. या साखळीत प्रत्येकानं अक्षराकडे पाहिलं. पाउंडनं कविता रचल्या तेव्हा ती भाषा त्याला येत नव्हती, आणि अक्षर चित्र आहे हा समज न लिहिणाऱ्याला फार सहज होतो.

चित्राला क्रम नसतो. झाडाचं चित्र काढताना आधी फांदी काढा किंवा आधी बुंधा, कुणी तुम्हाला चूक म्हणणार नाही. अक्षराला क्रम असतो, कारण अक्षर ही समाजात ठरलेली हालचाल आहे. शिवाय बहुतेक चिनी अक्षरं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाची दिशा सांगतो आणि दुसरा उच्चार सुचवतो. 'आई' या अर्थाचं 'मा' हे अक्षर घ्या. डावीकडे 'स्त्री', उजवीकडे 'घोडा'. चित्र म्हणून वाचलं तर घोड्यावरची बाई दिसेल आणि त्यावर एखादी झाशीच्या राणीची कविताही सुचेल. प्रत्यक्षात घोडा तिथे उच्चारापुरता आहे, कारण घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. हे अक्षर लिहायला शिकताना डाव्या भागाच्या रेघा संपतात, मग उजव्या भागाच्या सुरू होतात, आणि हाताला कळतं की हे दोन सुटे भाग शेजारी बसवलेले आहेत, एक देखावा नाही. माझ्या प्रस्तावनेतली चार पानं त्या संध्याकाळी निकालात निघाली.

प्रस्तावना बदलता येते. अडचण कवितेची होती. पुस्तकातली एक कविता आठव्या शतकातल्या वांग वेईची आहे, 'हरणांचं कुंपण' या अर्थाच्या शीर्षकाची. वीस अक्षरं, चार ओळी. ती इतक्यांनी इतक्या वेळा भाषांतरित केली आहे की एलियट वाइनबर्गर यांनी १९८७मध्ये तिच्या एकोणीस रूपांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात आक्टाव्हियो पाझ यांचीही टिपणी आहे. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला ते पाठ्यपुस्तकासारखं. त्यात मूळ कवितेचा शब्दागणिक अर्थही दिला आहे. तो मी वाचला होता, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, आणि मग माझा मराठी अनुवाद केला होता.

बाईंनी एके दिवशी ती कविता गृहपाठाला दिली : अर्थ लावू नका, फक्त वीस अक्षरं क्रमानं लिहून आणा. मला दोन तास लागले. शेवटी शेवाळाचा उल्लेख आला आणि मला वाटलं, संपली. पण अजून एक अक्षर बाकी होतं, विसावं. 'शांग'. तीनच रेघांचं : आधी उभी, मग तिच्या उजवीकडे छोटी आडवी, आणि सगळ्यात शेवटी तळाची लांब आडवी, जमिनीसारखी. अर्थ 'वर'. कवितेचं शेवटचं पाऊल या जमिनीवर पडतं. शेवाळावर ती संपत नाही, 'वर'वर संपते.

इंग्रजीत 'ऑन' आधी येतो आणि शेवाळ नंतर, त्यामुळे इंग्रजी अनुवाद सहसा शेवाळाशी थांबतात. मी त्यांच्यावरून मराठी केलं तेव्हा शेवाळावर उजेड 'पडतो' असं क्रियापद शेवटी आणून मराठी वाक्य नीट पुरं केलं. आता लिहिताना दिसलं की चिनीत स्थानदर्शक शब्द नामानंतर येतो, अगदी आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. शेवाळ, मग वर. मराठीला ही रचना आयतीच येते. ती मला माझ्याच घरात होती आणि मी ती इंग्रजीच्या घरून फिरून येताना हरवली होती.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. 'शांग' म्हणजे 'च्यावर' आणि 'शांग' म्हणजे 'वर जाणं, चढणं' सुद्धा. मावळतीचा उजेड शेवाळावर पडलाय की शेवाळावरून वर सरकतोय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण यमकाच्या सुराकडे बोट दाखवून इथे क्रियापदच आहे असं म्हणतात. इंग्रजी अनुवादकाला बहुधा एक बाजू घ्यावी लागते. मराठीत 'वर' हा शब्द दोन्हीकडे उभा राहतो : 'टेबलावर' मधला वर आणि 'वर गेला' मधला वर. नामाला चिकटल्यावर त्याचा दुसरा अर्थ मंदावतो हे खरं, पण ओळीच्या शेवटी, पुढे क्रियापद न देता तो ठेवला तर कानाला दोन्ही लागतात. माझ्या जुन्या अनुवादात शेवटचा शब्द 'पडतो' होता. जिथे मूळ कविता कदाचित वर चढत होती, तिथे मी तिला खाली पाडलं होतं. आणि तो अनुवाद लोकांना आवडला होता.

हे शब्दागणिक अर्थ वाचूनच कळायला हवं होतं, त्यासाठी रेघा गिरवायची काय गरज, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण मला नव्हतं कळलं. डोळा अर्थ गोळा करतो आणि अर्थ सापडला की उरलेल्या अक्षरावरून घसरत पुढे जातो. हाताला घसरता येत नाही. हाताला विसावं अक्षर लिहावंच लागतं, आणि एकोणिसाव्यानंतरच लिहावं लागतं. रेघांच्या क्रमाची शिस्त मला अनुवादासाठी उपयोगी वाटते ती एवढ्यासाठी. रचनेत काय आधी आलं आणि काय शेवटी, हे अर्थाचं वेष्टन नसून अर्थाचाच भाग आहे, हे ती अंगाला शिकवते.

तरी या शिस्तीची पूजा करू नये. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'डावा' आणि 'उजवा' या अर्थांच्या चिनी अक्षरांत वरचा भाग सारखाच दिसतो, एक आडवी आणि एक डावीकडे उतरणारी तिरपी रेघ. चीनमध्ये दोन्हीत आधी आडवी लिहितात. जपानमध्ये 'डावा' लिहिताना आधी आडवी आणि 'उजवा' लिहिताना आधी तिरपी. दोघेही आपापल्या मुलांना हेच बरोबर म्हणून शिकवतात. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं रेघाक्रमाची मार्गदर्शिका १९५८मध्ये काढली, चीननं सात हजार अक्षरांचा प्रमाण क्रम १९९७मध्ये प्रसिद्ध केला. सनातन वाटणारी गोष्ट अशी काल-परवाच्या सरकारी कागदानं पक्की केलेली निघते. मोडीचंही तेच झालं होतं, फक्त उलट दिशेनं : कागदानं ती सैल केली. आणि आज चीनमध्येही बहुतेक लिखाण फोनवर, रोमन अक्षरांत उच्चार टंकून होतं. लेखणी उचलली की अक्षर आठवत नाही, यासाठी तिथे चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे. रोमनमध्ये मराठी टंकणाऱ्या आपल्याला त्यांना हसण्याचा अधिकार नाही.

हातानं लिहिता आलं म्हणजे अनुवाद चांगला होतो, असंही नाही. 'कॅथे'मधल्या कविता चिनी न येणाऱ्या माणसानं लिहिल्या आहेत आणि त्या चांगल्या कविता आहेत. आर्थर वेली यांनी चिनी आणि जपानी स्वतःच्या बळावर शिकून आयुष्यभर अनुवाद केले, आणि ते आशियात कधी आलेच नाहीत. माझी हरकत दुव्याच्या भाषेला नाही. तो दुवा झाकण्याला आहे. मराठीतले बरेच 'चिनी', 'रशियन', 'स्पॅनिश' अनुवाद वाचताना मधला इंग्रजी अनुवादक कोण, हे कळत नाही. दिवाळी अंकात माझ्या कवितांखालीही 'मूळ चिनी' एवढंच छापलं होतं आणि मी ते चालवून घेतलं होतं. ज्यांच्या ओळी समोर ठेवून मी काम केलं, त्यांची नावं कुठेच नव्हती.

मराठी माणसाला चिनीचा थेट रस्ता माहीत नव्हता असंही नाही. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पु. वि. बापट होते. चिनी भाषांतरातच पूर्णपणे टिकलेला 'विमुत्तिमग्ग' आणि पाली 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७मध्ये आला. पुढे अकिरा हिराकावा यांच्याबरोबर त्यांनी 'समंतपासादिका' या विनयावरच्या टीकेच्या चिनी रूपाचं भाषांतर केलं, ते १९७०मध्ये भांडारकर संस्थेनं प्रसिद्ध केलं. पालीत एक शब्द कुठे आहे आणि चिनीत त्याची जागा कुठे सरकली, हे पाहणं हाच या कामाचा आत्मा. पण ते ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि बौद्ध विद्येच्या कपाटात आहेत. तिथून मराठी कवितेपर्यंत वाट झाली नाही. आम्ही कवितावाले पुण्याहून निघण्याऐवजी लंडनहून निघालो.

पुस्तकाचं मी काय केलं ते सांगून थांबते. एकतीसपैकी ज्या कविता मी स्वतः हातानं, क्रमानं, सबंध लिहून काढू शकले आणि बाईंकडून तपासून घेतल्या, त्या आज सात आहेत. त्या नव्यानं केल्या. बाकीच्या चोवीस ठेवल्या, पण प्रत्येकीखाली ज्या इंग्रजी अनुवादावरून केली त्या अनुवादकाचं नाव घातलं. प्रकाशकांना भीती वाटते की एवढी परकी नावं पाहून वाचक पुस्तक खाली ठेवेल. मला वाटतं वाचक तितका हळवा नसतो. भिलाईतल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आखणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं आणि मंजूर करणाऱ्याचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत असे, आणि त्यामुळे कुणी यंत्र बसवायचं थांबवलं नाही.

वांग वेईच्या कवितेचा शेवट आता 'वर'वर आहे. आजोबांची वही मी मागच्या महिन्यात ट्रंकेतून काढली. अजून वाचता येत नाही. पण पहिल्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली रेघ पाहिली तेव्हा एवढं कळलं, की त्या पानावर त्यांच्या हातानं सर्वांत आधी केलेलं काम ते होतं. आता त्याखाली काय लटकवलंय ते शिकायचं आहे.